वाट पाहण्यात संपलेली बॅटरी

ऑगस्ट २०१९ मधली कोल्हापूरची गोष्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती आणि पुढं ती ५५ फुटांच्याही वर गेली. राजारामपुरी उंचावर, म्हणून आमच्या गल्लीत पाणी आलं नाही. आले ते पाहुणे. प्रयाग चिखलीहून बहीण, दाजी आणि दोन पोरं होडीतून बाहेर पडली आणि नेसत्या कपड्यांनिशी आमच्या दारात येऊन उभी राहिली. हायवे बंद, लाईट कधी यायची कधी जायची, मोबाईलला रेंज असली तरी इंटरनेट नावापुरतं.

घर सोडायच्या आधी दाजींनी फोनवर व्हिडिओ काढून ठेवले होते. गोठा, स्वयंपाकघरात शिरलेलं पाणी, भिंतीवर चढत गेलेली ओलीची रेघ, भिजलेली ज्वारीची पोती. पंचनाम्याला लागतील म्हणून. फोन खिशातच भिजला होता. "पावणं, ह्यो कधी बंद पडंल सांगता येत नाय. तुमच्या फोनात घ्या समदं," ते म्हणाले. इंटरनेट नसलं तरी अडत नव्हतं. फाइल पाठवायचं एक ॲप दोन्ही फोनांत होतं, ते एका फोनातून थेट दुसऱ्या फोनात पाठवतं. काही मिनिटांत बरंचसं आलं. उरलेलं सकाळी घेऊ म्हणून फोन तसेच एकमेकांना जोडलेले ठेवले आणि झोपलो.

रात्री ११ वाजता माझ्या फोनात ४६ टक्के बॅटरी होती, दाजींच्या फोनात ४४. सकाळी ६ ला उठून बघतो तर त्यांचा फोन २७ वर आणि माझा ठार बंद. लाईट गेलेलीच होती.

रात्रभरात एकही फाइल इकडून तिकडं गेली नव्हती. रेंज शोधायचा खर्च म्हणावा तर तो दोन्ही फोनांना सारखाच होता. मग माझ्याच फोनानं एवढं काय खाल्लं? त्या दिवसांत विचारायला सवड नव्हती. पूर ओसरल्यावर मी त्याच्या मागं लागलो आणि जे कळलं ते मला अजूनही नवलाचं वाटतं. बिनतारी जोडणीत बॅटरी बोलण्यात फारशी जात नाही. ती जाते वाट पाहण्यात.

फोनातला वाय-फायचा रेडिओ डेटा पाठवताना वीज खातो हे कुणालाही पटतं. पण कुणी काही पाठवेल म्हणून तो कान लावून बसलेला असतो तेव्हाही तो जवळजवळ तेवढीच वीज खातो, जेवढी खरोखर काही ऐकताना खातो. कारण उघड आहे. ऐकायचं तर ॲम्प्लिफायर चालू हवा, घड्याळ चालू हवं, हवेतल्या गोंगाटातून आपल्या कामाचा संदेश वेगळा काढणारं सर्किट चालू हवं. संदेश येवो न येवो, हा सगळा संसार मांडलेलाच ठेवावा लागतो. झोपलेला रेडिओ मात्र नगण्य वीज घेतो. म्हणून बॅटरी वाचवायची म्हणजे रेडिओला झोपवायचं, दुसरा मार्ग नाही. पण झोपलेल्या रेडिओला हाक ऐकू येत नाही. दोघांनी आपापल्या मर्जीनं झोपायचं ठरवलं तर एक जागा असेल तेव्हा दुसरा झोपलेला, आणि जोडणी तुटली. म्हणून कधी झोपायचं नि कधी उठायचं हे आधी ठरवून घ्यावं लागतं.

घरच्या राउटरशी फोन जोडलेला असतो तेव्हा हे ठरवणं सोपं जातं. आमच्या राजारामपुरीपासून शाहू मिल लांब नाही. १९०६ साली शाहू महाराजांनी तिची पायाभरणी केली. गिरणीच्या भोंग्यावर माणसं उठत, डबा भरत, पाळीला निघत. दिवसभर कान टवकारून बसायची गरज नव्हती, भोंग्याच्या वेळेला जागं असलं की झालं. वाय-फायचा राउटर असाच भोंगा वाजवतो. त्याला बीकन म्हणतात आणि तो साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा वाजतो. हा आकडा असा विचित्र दिसतो कारण वाय-फायचं वेळेचं माप १०२४ मायक्रोसेकंदांचं आहे, आणि अशा शंभर मापांनी एक भोंगा. प्रत्येक भोंग्यात राउटर एक यादी वाचून दाखवतो, कुणाकुणाच्या नावचं टपाल माझ्याकडं पडून आहे त्याची. फोन भोंग्यापुरता उठतो, यादीत आपलं नाव नसेल तर पुन्हा झोपतो. १९९७ च्या पहिल्या वाय-फाय मानकापासून ही सोय आहे. फोन बिनघोर झोपू शकतो, कारण राउटर झोपत नाही. त्याला भिंतीतल्या प्लगची वीज आहे, बॅटरीची चिंता त्याला ठाऊकच नाही.

दोन फोन थेट जोडले की राउटर मध्ये राहत नाही. मग टपाल कोण सांभाळणार, भोंगा कोण वाजवणार? दोघांपैकी एका फोनालाच ते करावं लागतं. म्हणजे बॅटरीवर चालणारा एक फोन, कधीच न झोपणाऱ्या राउटरचं काम करायला बसतो. त्या रात्री ते काम माझ्या फोनाकडं आलं होतं. ११ ते ६ असे सात तास धरले तर भोंग्यांची संख्या होते सुमारे २ लाख ४६ हजार. ऐकणारा एकटा दाजींचा फोन, आणि तोही बहुतेक वेळ झोपलेला.

थोडा हिशेब मांडून बघतो. माझ्या त्या फोनाची बॅटरी ३००० मिलिअँपिअर-तासांची होती, म्हणजे साधारण साडेअकरा वॅट-तास. समजा रेडिओ जागा ठेवायला अर्धा वॅट लागतो. सात तासांत साडेतीन वॅट-तास गेले, म्हणजे भरलेल्या बॅटरीचा तीस टक्के भाग. त्यात जागा राहिलेला प्रोसेसर आणि रेंजचा शोध मिळवला की ४६ टक्क्यांचा निकाल लागतो. हाच रेडिओ दहातला एकच भाग वेळ जागा राहिला असता तर त्याचा वाटा तीस टक्क्यांऐवजी तीन टक्के झाला असता.

असं होऊ नये म्हणून उपाय फार आधीच शोधून ठेवलेला होता. वाय-फाय अलायन्स या उद्योगसंस्थेनं ऑक्टोबर २०१० मध्ये वाय-फाय डायरेक्ट या नावानं उपकरणं प्रमाणित करायला सुरुवात केली. २०११ च्या अँड्रॉइड ४.० पासून ते फोनांत आलं. वाय-फाय डायरेक्टमध्ये भोंगा वाजवणाऱ्याला ग्रुप ओनर म्हणतात. मी त्याला यजमान म्हणतो, कारण घरात पाहुणे असताना शेवटी झोपणारा आणि आधी उठणारा तोच.

यजमान कुणी व्हायचं हे फोन आपसात ठरवतात. प्रत्येक जण ० ते १५ मधला एक आकडा सांगतो. १५ म्हणजे मीच होणार, ० म्हणजे मला नको. ज्याचा आकडा मोठा तो यजमान. आकडे सारखे आले तर नाणं उडवावं तसा एक जादा बिट निकाल लावतो. दोघंही १५ वर अडून बसले तर बोलणी फिसकटतात आणि जोडणीच होत नाही. आकडा किती सांगायचा हे मानकानं उपकरण बनवणाऱ्यांवर सोडलं आहे. इथं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला वायर लावलेली आहे त्यानं मोठा आकडा सांगावा, आणि दोघंही बॅटरीवर असतील तर ज्याची बॅटरी जास्त भरलेली आहे त्यानं. फोनाला स्वतःची बॅटरी किती आहे हे माहीत असतंच. पूरग्रस्ताच्या हातातला वीस टक्क्यांचा फोन यजमान होणं आणि चार्जरला लावलेला टीव्ही पाहुणा होणं, ही व्यवस्था उलटी आहे.

यजमानानं झोपायचं कसं, हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग. त्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही आमच्या मेन रोडवरच्या दुकानांत पाहायला मिळतात.

पहिल्या तऱ्हेचा दुकानदार शटर वर करतो, थोडा वेळ गल्ल्यावर बसतो. नेहमीची गिऱ्हाइकं सगळी घरी जाऊन झोपलीत हे त्याला माहीत असेल तर शटर खाली ओढून तोही आडवा होतो. एक जरी गिऱ्हाईक जागं असेल तर तो बसून राहतो. तांत्रिक भाषेत ही ऑपॉर्च्युनिस्टिक पॉवर सेव्ह, म्हणजे संधी साधून घेतलेली डुलकी. प्रत्येक भोंग्यानंतर यजमान एक ठरावीक अवधी हमखास जागा राहतो. पाहुण्यांना माहीत असतं की काही सांगायचं असेल तर याच अवधीत सांगायचं. अवधी संपला आणि सगळे पाहुणे झोपलेले असले की यजमान पुढच्या भोंग्यापर्यंत झोपतो. भोंग्याच्या शंभर मापांपैकी हा अवधी दहा मापांचा ठेवला, तर वर मांडलेला तीन टक्क्यांचा हिशेब जुळतो. या तऱ्हेत एक उणीव आहे. यजमानाची झोप पाहुण्यांच्या हाती राहते. एखादा फोन उगाच जागा राहणाऱ्या स्वभावाचा असेल, तर यजमानाचा डोळा लागत नाही.

दुसऱ्या तऱ्हेचा दुकानदार दारावर पाटीच लावतो: दुपारी १ ते ४ दुकान बंद. गिऱ्हाईक जागं आहे की झोपलेलं, याच्याशी पाटीला घेणं नाही. या पाटीचं नाव नोटीस ऑफ ॲबसेन्स. यजमान आपल्या भोंग्यातूनच चार गोष्टी जाहीर करतो. मी पहिल्यांदा केव्हा गैरहजर होणार, किती वेळ, दर किती वेळानं, आणि असं किती वेळा. शेवटचा आकडा २५५ दिला तर त्याचा अर्थ, पाटी काढेपर्यंत रोजचंच. पाहुण्यांनी त्या वेळेत काही पाठवायचं नाही. पाठवलं तर हाक वाया जाते, उत्तर येत नाही म्हणून पुन्हा पाठवावं लागतं, आणि पाहुण्याचीही बॅटरी फुकट जाते. एखाद्या पाहुण्याला तातडीचं काम असेल तर 'अमुक वेळी हजर राहाल का' असा अर्ज करायचीही सोय मानकात आहे. अर्ज मानायचा की नाही, हे यजमानाच्या हाती.

पाटीचा फायदा मोठा आणि किंमतही मोठी. यजमान अर्धा वेळ गैरहजर राहिला तर अर्धा वेळ काही पाठवता येत नाही, फाइलचा वेग त्या प्रमाणात उतरतो. फोनवरचं चित्र टीव्हीवर दाखवायची मिराकास्ट ही सोय २०१२ मध्ये आली, तीही बहुधा वाय-फाय डायरेक्टवर चालते. तिथं लांब डुलकी घेतली तर चित्र अडखळेल. रात्रभर नुसत्या जोडून ठेवलेल्या दोन फोनांना मात्र लांबच लांब पाटी चालली असती. काम काय आहे ते ओळखून झोप लांबवायची किंवा आखडायची, हे ज्या फोनाला जमतं त्याची बॅटरी टिकते.

मग माझ्या फोनानं पाटी का लावली नाही? आता कळतं. ती पाटी वाचता येणं ही वाय-फाय डायरेक्ट जाणणाऱ्या उपकरणांचीच गोष्ट आहे. जुना लॅपटॉप किंवा साधं वाय-फाय असलेलं उपकरण गटात आलं तर त्याला पाटीतलं काही कळत नाही. ते राउटर समजून कधीही हाक मारतं. अशा वेळी यजमानाला जागंच राहावं लागतं. आणि आमच्या ॲपनं तर माझा फोन सरळ हॉटस्पॉट करून टाकला होता. हॉटस्पॉट म्हणजे साधा राउटर, ज्याच्या दुकानाला दुपारची सुट्टी नसते. दाजींचा फोन १९९७ च्या जुन्या सोयीनं मजेत झोपत होता आणि माझा त्याच्यासाठी रात्रभर उशाशी बसला होता.

जोडणी होण्याआधीचा शोधही महाग पडतो, पण त्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. दोन अनोळखी उपकरणांचं काहीच ठरलेलं नसतं, त्यामुळे दोघंही आळीपाळीनं हाका मारतात आणि कान देतात. वाय-फाय डायरेक्टमध्ये यासाठी १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल ठेवले आहेत, म्हणजे शोधायची जागा तरी आटोक्यात राहते. कान द्यायचा वेळ दर खेपेला मुद्दाम कमीजास्त केला जातो. नाहीतर दोघं एकाच तालात हाका मारत आणि एकाच तालात ऐकत राहतील, आणि भेट कधी व्हायचीच नाही. हा सगळा वेळ रेडिओ पूर्ण जागा. म्हणून 'जवळची उपकरणं शोधत आहे' असं लिहिलेला पडदा उघडा ठेवून फोन खिशात टाकू नये. एकदा जमलेला गट लक्षात ठेवायची सोय असेल तर ती वापरावी, पुढच्या वेळी निम्मी बोलणी वाचतात.

शोधाचा हा खर्च कमी करायला २०१५ मध्ये वाय-फाय अवेअर आलं. त्यातली जवळपासची सगळी उपकरणं एकच घड्याळ पाळतात आणि दर ५१२ मापांत १६ मापांपुरती एकदम जागी होतात. म्हणजे अर्ध्या सेकंदातून एकदा, जेमतेम सोळा मिलिसेकंद. उरलेला ९७ टक्के वेळ झोप. दर आठवड्याला ठरल्या दिवशी बाजार भरावा आणि ज्याला भेटायचं त्यानं बाजारात यावं, तसं हे आहे.

पण आधी ठरवून झोपायचं शास्त्र खरं मुरलं ते ब्लूटूथमध्ये. २०१० च्या ब्लूटूथ ४.० बरोबर त्याचा लो एनर्जी हा प्रकार आला. हातातलं घड्याळ, घरचं बीपी मोजायचं मशीन, किल्लीला अडकवायचं टॅग, यांतल्या बऱ्याच वस्तू त्याच्यावर चालतात. बटणाएवढ्या सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास वीज असते. ती वर्षभर पुरवायची तर सरासरी २५ मायक्रोअँपिअरच्या वर जाता येत नाही. रेडिओ चालू असताना काही मिलिअँपिअर घेतो, म्हणजे त्यानं हजारातले दोन-चार क्षणच जागं राहायचं. दोन उपकरणं भेटीचं अंतर ठरवून घेतात. मूळ मानकात ते साडेसात मिलिसेकंदांपासून चार सेकंदांपर्यंत काहीही असू शकतं. सेलवर चालणाऱ्या गड्याकडं सांगण्यासारखं काही नसेल तर त्याला काही भेटी बुडवायचीही मुभा आहे. मानकात ही मुभा ४९९ भेटींपर्यंत आहे, पण ३२ सेकंदांहून जास्त काळ दोघांची भेटच झाली नाही तर जोडणी तुटली असं धरलं जातं, म्हणून प्रत्यक्षात सगळं त्याच्या आत बसवावं लागतं.

इथं एक बारीक अडचण येते. झोपेतून वेळेवर उठायचं तर घड्याळ नेमकं हवं, आणि स्वस्त घड्याळ थोडं पुढंमागं धावतं. ब्लूटूथच्या मानकात दहा लाखांत पाचशेपर्यंतची चूक चालते. चार सेकंदांच्या झोपेत ही चूक दोन मिलिसेकंद होते. म्हणून उपकरण भेटीच्या वेळेच्या किमान दोन मिलिसेकंद आधी उठतं आणि नंतरही तेवढं थांबतं. एसटीची वेळ माहीत असली तरी आपण दहा मिनिटं आधी स्टँडवर जातो, तसंच. झोप जितकी लांब तितकं हे आधी येऊन थांबणं वाढतं, आणि झोपेची कमाई थोडी थोडी कुरतडली जाते. चांगल्या घड्याळावर केलेला खर्च इथं बॅटरीच्या रूपानं परत मिळतो.

हे वाचून कुणाला वाटेल की मग फाइलसुद्धा ब्लूटूथनंच पाठवावी. तसं करू नये. राजारामपुरीतल्या मोबाईलच्या दुकानांत गाणी भरून मिळायची तो काळ ज्यांना आठवतो, त्यांना एका गाण्याला लागणारा वेळही आठवत असेल. ब्लूटूथचा प्रत्यक्षातला वेग सेकंदाला दीड मेगाबिट धरला तर एक जीबीचा व्हिडिओ जायला सुमारे दीड तास लागेल. वाय-फाय डायरेक्टनं सेकंदाला २०० मेगाबिट मिळाले तर ४० सेकंद. त्या ४० सेकंदांत रेडिओ कितीतरी जास्त वीज ओढतो, पण काम उरकून झोपतो. ब्लूटूथचा रेडिओ कमी ओढत दीड तास जागा राहतो, आणि त्याच्याबरोबर प्रोसेसरही. मोठं ओझं असेल तर झपाट्यानं वाहून टाकावं आणि आडवं व्हावं, थेंब थेंब बोलायचं असेल तर ब्लूटूथ. आजचे चांगले फोन दोन्ही वापरतात. क्विक शेअरसारख्या सोयी शेजारचा फोन ब्लूटूथनं हेरतात आणि फाइल वाय-फायनं पाठवतात.

दोन फोन किती लांब आहेत हेही बघावं. वाय-फायमध्ये अंतर वाढलं, मध्ये भिंत आली की वेग उतरतो, तीच फाइल जायला जास्त वेळ लागतो, पोहोचलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा पाठवावी लागते. म्हणून फोन शेजारी शेजारी ठेवावेत. हे इतकं साधं आहे की सांगायला संकोच वाटतो, पण पूरग्रस्तांच्या शिबिरात एक फोन खिडकीत रेंजसाठी आणि दुसरा आतल्या खोलीत ठेवून फाइल पाठवणारी माणसं मी पाहिली आहेत.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा चढली, त्या वेळी ५६ फुटांच्याही वर. चिखलीची माणसं पुन्हा बाहेर पडली. या खेपेला दाजी येताना गुरं आधीच वर हलवून आले होते. संध्याकाळी फोन काढून माझ्यासमोर बसले. मी जुना लॅपटॉप इन्व्हर्टरला लावला आणि त्याचाच हॉटस्पॉट केला. दोन्ही फोन त्याला पाहुणे म्हणून जोडले, दोघांचे व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवून घेतले आणि चहा निवायच्या आत जोडणी तोडली. दाजींनी स्वतः दोन्ही फोनांचं वाय-फाय बंद झालंय का ते तपासलं.

"आता ऱ्हातंय का सकाळपतूर?" त्यांनी विचारलं.

सकाळी ६ ला त्यांचा फोन ५८ टक्क्यांवर होता, माझा ६१ वर. पहिला फोन चिखलीच्या शेजाऱ्यांचा आला, आणि तो दाजींना घेता आला.